संत पीटर क्लेव्हर : कार्ताहेना बंदरातील गुलामांचे सेवक

सप्टेंबर महिन्याची ८ तारीख आपल्या भाविकांना निराळी सांगावी लागत नाही. पवित्र मरियेच्या जन्माचा तो सण. गोमंतकात मोंतीचे फेस्त, मुंबईत वांद्र्याच्या मोत माऊलीची जत्रा, अशा आनंदात तो आठवडा निघून जातो. ह्या गडबडीत दुसऱ्या दिवशीच्या संताकडे बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. ९ सप्टेंबर हा संत पीटर क्लेव्हर ह्यांचा स्मृतिदिन होय. वास्तविक त्यांचे देहावसान ८ सप्टेंबर १६५४ रोजी झाले. परंतु तो दिवस मातेचा असल्याने त्यांचे स्मरण एक दिवस पुढे केले जाते. ज्या मिस्सामध्ये त्यांचे नाव घेतले जाते तिथेही, त्यांनी आफ्रिकन गुलामांची सेवा केली, एवढ्या एका वाक्यात प्रवचनकार त्यांचे चरित्र आटोपतात. ते वाक्य खोटे नाही. मात्र त्या गुलामांना कोणी पकडले, कोणी विकले आणि कोणी विकत घेतले, हे त्यात येत नाही. विकत घेणाऱ्यांत ख्रिस्तसभेचे लोक होते, इतकेच नव्हे तर खुद्द ह्या संताचा मठही होता. ही बाजू वगळून सांगितलेले क्लेव्हर ह्यांचे चरित्र अपुरे राहते, असे आमचे मत आहे. म्हणून ह्या लेखात ते सबंध सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पीटर, मातृभाषेत पेरे आणि स्पॅनिश भाषेत पेद्रो, ह्यांचा जन्म १५८० साली स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील वेर्दू ह्या खेड्यात झाला. घराणे शेतकऱ्यांचे, खाऊनपिऊन सुखी. आई लहानपणीच निवर्तली. पुढे बार्सेलोना येथे त्यांचे शिक्षण झाले आणि १६०२ साली तारागोना येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश घेतला. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर प्राण ठेवला, तेव्हा पीटर सोळा वर्षांचे होते. दूरदेशी जाऊन ख्रिस्ताची साक्ष द्यावी, ही ओढ त्या काळच्या अनेक तरुणांना लागलेली होती.

१६०५ साली तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी त्यांना मायोर्का बेटावरील पाल्मा येथील कॉलेजात पाठवण्यात आले. तिथे त्यांना गुरू भेटला तो वर्गात नव्हे, तर दारात. ब्रदर आल्फोन्सो रॉड्रिग्ज हे त्या कॉलेजचे द्वारपाल होते. सेगोव्हिया शहरात त्यांचा लोकरीचा व्यापार होता. पत्नी आणि मुले एकामागून एक गेली, व्यापार बुडाला, आणि उतारवयाकडे झुकताना हा माणूस येशूसंघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांनी दार उघडण्याचे आणि लावण्याचे काम केले. ते मनोभावे केले, एवढेच. ह्या वृद्ध द्वारपालाने तरुण पीटरला पलीकडच्या खंडाची वाट दाखवली. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत आम्हांलाही काही गोष्टी प्राध्यापकांपेक्षा स्वयंपाकघरातल्या आणि बागेतल्या माणसांनी अधिक शिकवल्या, हे इथे सहज आठवले म्हणून सांगितले. पुढे १५ जानेवारी १८८८ रोजी पोप तेरावे लिओ ह्यांनी हा द्वारपाल आणि हा विद्यार्थी ह्या दोघांनाही एकाच दिवशी संतपद बहाल केले.

१६१० साली पीटर सेव्हिलहून जहाजात बसले आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्ताहेना ह्या बंदरात उतरले. आजच्या कोलंबिया देशातील हे शहर १५३३ साली स्पॅनिश लोकांनी वसवले. ते काय चीज होते हे समजल्यावाचून पुढील गोष्ट समजणार नाही. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी त्या भूमीवर राहणारे मूळ रहिवासी युरोपातून आलेल्या रोगांनी आणि सक्तीच्या श्रमांनी लाखांच्या संख्येने मृत्युमुखी पडले होते. खाणींत, मळ्यांत, घरांत राबायला माणसे हवी होती. ती आफ्रिकेतून आणावीत, हा उपाय सुचवणाऱ्यांमध्ये मूळ रहिवाशांचे कैवारी म्हणून ख्यातकीर्त झालेले दोमिनिकन धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास हेही एके काळी होते. आफ्रिकन माणूसही तितक्याच अन्यायाने पकडला जातो हे त्यांना मागाहून कळले आणि त्याचा पश्चात्ताप त्यांनी स्वतःच्या लेखणीने नोंदवून ठेवला. पण तोवर व्यापार सुरू झाला होता.

आफ्रिकेचा किनारा पोर्तुगीजांच्या ताब्यात, अमेरिकेतील बाजार स्पॅनिशांच्या ताब्यात, आणि १५८० ते १६४० ह्या साठ वर्षांत दोन्ही देशांवर राजा मात्र एकच. त्यामुळे गुलामांच्या पुरवठ्याचा मक्ता पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडे गेला आणि कार्ताहेना हे त्या पुरवठ्याचे प्रमुख बंदर बनले. गिनीच्या नद्यांच्या मुखांतून, साओ तोमे बेटावरून, अंगोलातील लुआंडाहून माणसांनी भरलेली जहाजे इथे येत. समुद्रप्रवास सुमारे दोन महिन्यांचा. साखळदंडांनी जखडलेली माणसे तळघरात कोंबलेली असत. वाटेत मेलेल्यांना समुद्रात लोटले जाई. जे उरत त्यांना वखारींच्या आवारांत कोंडून, खाऊपिऊ घालून, तेल चोपडून विक्रीसाठी उभे केले जाई. नंतर कोणी सोन्याच्या खाणीकडे जाई, कोणी थेट पेरूपर्यंत.

पीटर ह्यांना लगेच तिथे राहायला मिळाले नाही. राहिलेला ईशज्ञानाचा अभ्यास त्यांनी डोंगरावरील बोगोता येथे पूर्ण केला. आपण धर्मगुरू होण्यास लायक आहोत का, की ब्रदर म्हणूनच राहावे, ह्याविषयी त्यांच्या मनात बरीच चलबिचल होती. अखेर कार्ताहेनास परतल्यावर १९ मार्च १६१६ रोजी, संत योसेफाच्या सणादिवशी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

तेथे त्यांची गाठ फादर आलोन्सो दे सांदोव्हाल ह्यांच्याशी पडली. क्लेव्हर ह्यांच्या कीर्तीपुढे सांदोव्हाल आज झाकोळले गेले आहेत, आणि ते आम्हांला न्याय्य वाटत नाही. जहाजावर जाऊन गुलामांना भेटण्याची सगळी रीत त्यांनी घालून दिली. कोणती माणसे आफ्रिकेच्या कोणत्या भागातून आली, त्यांची भाषा कोणती, चालीरीती कोणत्या, ह्याची बारकाईने विचारपूस करून त्यांनी मोठा ग्रंथ रचला. तो १६२७ साली सेव्हिल येथे छापला गेला. गुलामांना होणाऱ्या छळाचे त्यातील वर्णन वाचवत नाही.

ह्याच सांदोव्हाल ह्यांच्या मनात एक प्रश्न घर करून होता. ही माणसे मुळात न्यायाने गुलाम झालेली आहेत का? लुआंडा येथील येशूसंघाच्या कॉलेजचे प्रमुख फादर लुईस ब्रांदाव ह्यांना त्यांनी पत्राने तसे विचारले. उत्तर आले ते असे, की ह्या गोष्टीचा मनाला डंख लावून घेऊ नये. लिस्बनच्या पंडितांनी ह्यात कधी दोष काढलेला नाही, तिकडचे विद्वान बिशप ह्याविषयी गप्प आहेत, आणि संघाचे फादरही गुलाम विकत घेतात. काही जण अन्यायाने पकडलेले असतील, पण ते कोण हे हुडकणे शक्य नाही, आणि त्या थोडक्यांसाठी एवढ्या आत्म्यांचे तारण थांबवणे योग्य नाही. सांदोव्हाल ह्यांनी हे उत्तर आपल्या ग्रंथात छापले. त्यांचे पूर्ण समाधान झाले नसावे, असे तो ग्रंथ वाचताना जाणवते. तरी गुलामगिरीच बंद करा, इथवर ते पोहोचले नाहीत. वाचकहो, इथे आम्ही क्षणभर थांबतो. एका सज्जन धर्मगुरूने प्रामाणिक प्रश्न विचारला आणि दुसऱ्या सज्जन धर्मगुरूने तो सौम्य शब्दांत मिटवला. व्यापार त्यानंतरही अडीच शतके चालला.

आता क्लेव्हर ह्यांच्या कार्याकडे वळू. बंदरात जहाज आल्याची वर्दी लागली की ते निघत. वर्दी आणणाऱ्यासाठी मिस्सा अर्पण करण्याचे वचन त्यांनी देऊन ठेवलेले असे. सोबत दुभाषे, आणि टोपल्यांतून संत्री, लिंबे, बिस्किटे, तंबाखू, सुगंधी पाणी. जहाजावरच्या माणसांची अशी पक्की समजूत असे की आपल्याला मारून आपल्या चरबीचे तेल काढणार आहेत. म्हणून पहिले काम त्यांची भीती घालवण्याचे. मग मरणासन्नांना आणि तान्ह्या बाळांना स्नानसंस्कार. मग आजाऱ्यांची शुश्रूषा.

१६२७ सालच्या मे अखेरीस आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी असा एक दिवस वर्णन केला आहे. पवित्र त्रैक्याच्या सणादिवशी मोठे जहाज आले. गर्दीतून वाट काढीत ते आत शिरले, तेव्हा ओल्या जमिनीवर, चिखलात पुष्कळ आजारी पडलेले होते. ओल लागू नये म्हणून कोणीतरी फुटक्या विटा-कौलांचा ढीग करून त्यावर त्यांना निजवले होते. अंगावर चिंधी नाही. क्लेव्हर आणि सोबत्यांनी आपले डगले उतरवले, वखारीतून फळ्या आणून जमीन झाकली आणि एकेकाला उचलून तिथे आणले. दोघे थंडगार पडले होते, नाडी लागेना. कौलावर निखारे आणून, दोन पिशव्या भरून आणलेले सुगंधी पदार्थ त्यावर संपेपर्यंत टाकले आणि डगल्यांखाली त्यांना त्या धुराची ऊब दिली. मालकाकडे पांघरूण मागण्यात अर्थ नव्हता. हळूहळू त्या दोघांनी डोळे उघडले. धर्माचे बोलणे त्यानंतर. भुकेल्या आणि गारठलेल्या माणसाशी आधी हातांनी बोलावे लागते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

धर्मशिक्षणासाठी ते चित्रे वापरीत. क्रुसावरचा ख्रिस्त, त्याच्या जखमांतून वाहणारे रक्त, त्या रक्ताने स्नान घालणारा धर्मगुरू. दहा-दहा जणांचा गट करून सर्वांना एकच नाव देत, म्हणजे एक विसरला तर दुसरा आठवण करून देईल. गळ्यात येशू-मरियेचे पदक बांधत. पुढे वर्षभर शहरात, आणि पास्कानंतरच्या दिवसांत आसपासच्या मळ्यांवर, ते ह्या माणसांना हुडकून भेटत. मळ्यावर मालकाच्या घरी न उतरता ते गुलामांच्या झोपडीत राहत. देवळात पापनिवेदनासाठी आधी गुलामांची रांग आणि मग प्रतिष्ठितांची. ज्या स्त्रियांना हे रुचत नसे त्यांनी तक्रारी केल्या. आपले पापनिवेदनाचे आसन त्यांच्या रुंद घेराच्या पोशाखांना अपुरे पडेल, अशा अर्थाचे उत्तर देऊन ते मोकळे होत. सान लाझारो येथील कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात ते नेहमी जात. त्यांचा तो एकच डगला कधी आजाऱ्याचे अंथरूण होई, कधी आडोसा, कधी मृताचे आच्छादन. दिवसातून कित्येकदा तो धुवावा लागे.

३ एप्रिल १६२२ रोजी त्यांनी आपली अखेरची व्रते घेतली. नेहमीच्या व्रतांच्या कागदावर सही करताना, आपण आफ्रिकनांचे कायमचे गुलाम आहोत, अशी ओळ त्यांनी स्वतः होऊन जोडली. त्यांच्या प्रत्येक चरित्रात ही गोष्ट आढळते. त्याच्या आदल्या वर्षी, १६२१ साली, त्याच शहरात घडलेली गोष्ट मात्र चरित्रांत फारशी आढळत नाही. बेन्कोस बियोहो हा आफ्रिकेतून आणलेला गुलाम पळून गेला होता. दलदलीच्या रानात त्याने पळालेल्या माणसांचे कुंपणबंद गाव वसवले. स्पॅनिश फौजेला तो आवरेना, तेव्हा गव्हर्नराने त्याच्याशी तह केला. पुढे तो शहरात आलेला असताना त्याला पकडून मारण्यात आले. एकाच शहरात, एक वर्षाच्या अंतराने, एक माणूस गुलामांचा गुलाम होण्याची शपथ घेतो आणि दुसरा गुलाम राहण्याचे नाकारतो म्हणून प्राणास मुकतो. ह्या दोन गोष्टी आम्हांला एकमेकींपासून वेगळ्या वाचता येत नाहीत.

आता दुभाष्यांविषयी. क्लेव्हर ह्यांना आफ्रिकेच्या भाषा फारशा येत नव्हत्या. अंगोलाची भाषा त्यांनी थोडीफार शिकून घेतली होती. सुरुवातीस ते घरोघर मालकांकडे जाऊन त्यांच्या गुलामांना दुभाषे म्हणून तासाभरासाठी मागून आणत. मालक कुरकुरत, काही जण हाकलून देत. ह्यावर तोडगा निघाला तो असा, की कॉलेजने दुभाष्याच्या कामासाठी गुलाम विकत घेतले. आंद्रेस साकाबुचे आणि इग्नासियो हे अंगोलाचे, फ्रान्सिस्को योलोफो सेनेगालच्या बाजूचा, होसे मोन्सोलो काँगोकडचा, दिएगो आणि दोमिंगो फोलुपो गिनीच्या किनाऱ्यावरचे. एकाला इतक्या भाषा येत की त्या काळच्या प्रसिद्ध बहुभाषी शब्दकोशावरून त्याचे नाव कालेपिनो पडले होते. क्लेव्हर त्यांना स्वतःच्या ताटातले देत, ते आजारी पडले तर आपल्या खाटेवर निजवून स्वतः जमिनीवर झोपत, आणि त्यांना दुसऱ्या कामाला लावू नये म्हणून वरिष्ठांशी झगडत. हे सर्व खरे. पण ते कॉलेजच्या मालकीचे होते. ज्या संताने आपण गुलाम असल्याचे लिहून दिले, त्याच्या शेजारी उभ्या असणाऱ्यांना तसे लिहून देण्याची गरजच नव्हती.

क्लेव्हर ह्यांनी गुलामांना धन्याचे ऐकण्यास शिकवले आणि धन्यांना दयाळू होण्यास विनवले. रात्री आफ्रिकन लोक जमून ढोल वाजवीत, नाचत, तेव्हा ते तिथे जाऊन तो मेळा उधळून लावीत आणि ढोल उचलून नेत. त्यांना त्यात मूर्तिपूजा दिसे. आज आपण, ज्यांच्या लग्नात आणि सणात ढोल-ताशे वाजतात, त्यांनी ह्याकडे थोडे निराळ्या नजरेने पाहावयास हरकत नाही. सर्वस्व गमावलेल्या माणसांकडे तो ढोल तेवढा उरला होता.

त्या काळी सगळेच तसा विचार करीत होते, असे उत्तर आपल्याकडे चटकन दिले जाते. सगळेच करीत नव्हते. क्लेव्हर ह्यांच्या निधनानंतर तीस वर्षे उलटण्याच्या आत, १६८१ साली, फ्रान्सिस्को होसे दे हाका आणि एपिफानियो दे म्वारां हे दोन कापुचिन धर्मगुरू क्युबातील हवाना येथे उघडपणे सांगू लागले की, आफ्रिकन माणसे न्यायाने गुलाम झालेलीच नाहीत. मालकांनी त्यांना मुक्त करावे आणि आजवरच्या श्रमांची मजुरीही द्यावी. तसे कबूल न करणाऱ्या मालकांना ते पापक्षमा देईनात. त्यांना अटक झाली आणि स्पेनला धाडण्यात आले. त्याच दशकात लौरेन्सो दा सिल्वा मेंदोन्सा हे अंगोलाच्या राजघराण्यातील कृष्णवर्णीय ख्रिस्ती गृहस्थ रोम येथे गेले आणि गुलामांच्या वतीने पोपमहोदयांपुढे अर्ज ठेवला. १६८६ साली रोमच्या पवित्र कार्यालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. अन्यायाने पकडलेल्यांना विकत घेणे निषिद्ध ठरवले, जवळ असतील त्यांना सोडून भरपाई देण्यास सांगितले. तो निर्णय बंदरांपर्यंत कोणी पोहोचू दिला नाही.

क्लेव्हर ह्यांची अखेरची वर्षे अत्यंत क्लेशाची गेली. १६५० च्या सुमारास कार्ताहेनात रोगाची साथ आली, येशूसंघाचे कित्येक फादर त्यात गेले. क्लेव्हर वाचले, पण हातपाय कापू लागले आणि हळूहळू निकामी झाले. मिस्सा अर्पण करता येईना. सुमारे चार वर्षे ते आपल्या खोलीत पडून राहिले आणि शहर त्यांना विसरले. त्यांच्या देखभालीसाठी मानुएल नावाचा एक गुलाम तरुण नेमला होता. तो त्यांना दांडगाईने उचले, आदळे, त्यांचे अन्न स्वतः खाई, कधी दिवसचे दिवस तसेच टाकून देई. क्लेव्हर ह्यांनी तक्रार केली नाही; आपल्या पापांना ही शिक्षा कमीच, असे ते म्हणत. चरित्रकारांनी ह्या प्रसंगातून संताची सहनशीलता दाखवली आहे आणि त्या तरुणाला कृतघ्न ठरवले आहे. स्वतःच्या मर्जीविरुद्ध ज्याला एका म्हाताऱ्याच्या खाटेला बांधून ठेवले, त्याच्या मनात काय चालले असेल, हे त्यांच्यापैकी कोणी विचारलेले आमच्या वाचनात नाही. आणि कॉलेजातील बाकीचे व्रतस्थ बंधू त्या चार वर्षांत त्या खोलीत वरचेवर का डोकावले नाहीत, हाही प्रश्न आहेच.

शेवटच्या दिवसांत क्लेव्हर ह्यांचे काम पुढे चालवण्यासाठी स्पेनहून एक नवे फादर आले. ते कळताच क्लेव्हर कसेबसे सरपटत गेले आणि त्यांच्या पायांचे चुंबन घेतले. ते अत्यवस्थ आहेत अशी बातमी पसरली आणि विसरलेले शहर खोलीत घुसले. पवित्र अवशेष म्हणून लोकांनी हाताला लागेल ते नेले. आफ्रिकन लोकांनी आपल्या वतीने निराळी मिस्सा अर्पण करवली.

त्यानंतर काही वर्षांतच त्यांच्या पावित्र्याविषयी चौकशी सुरू झाली आणि शेकडो पाने साक्षी नोंदवल्या गेल्या. क्लेव्हर ह्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा बराच मोठा भाग ह्या कागदपत्रांतून आला आहे, आणि त्यातील सर्वांत जिवंत भाग दुभाष्यांनी सांगितलेला आहे. अंधाऱ्या कोठडीत शिरताना कोण सोबत होते? दुर्गंधी असह्य होऊन कोण बाहेर पळाले आणि कोण आत थांबले? डगला कोणाच्या अंगावर पडला? हे सांगू शकणारी माणसे तीच होती. कायद्याने ज्यांना मालमत्ता मानले, त्यांचा शब्द संतपदाच्या निर्णयासाठी मात्र प्रमाण मानला गेला.

संतपद यायला तरीही १८८८ साल उजाडले. त्याच वर्षी ५ मे रोजी पोप तेरावे लिओ ह्यांनी ब्राझीलच्या बिशपांना पत्र लिहून गुलामगिरीचा निषेध केला आणि १३ मे रोजी ब्राझीलने ती कायद्याने रद्द केली. अमेरिका खंडातील तो शेवटचा देश. कोलंबियाने १८५१ साली कायदा केला होता. १४५२ साली पोप पाचवे निकोलस ह्यांनी पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्तेतर लोकांना कायमचे गुलाम करण्याची परवानगी लेखी दिली होती, आणि पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट धिक्कार केला. ह्या दोन कागदांमध्ये जवळजवळ चारशे वर्षे गेली. मधल्या काळात येशूसंघ दक्षिण अमेरिकेतील गुलामांच्या सर्वांत मोठ्या मालकांपैकी एक होता. १७६७ साली स्पेनच्या राजाने संघाला आपल्या मुलखांतून हद्दपार केले, तेव्हा जप्तीच्या याद्यांत जमिनी, जनावरे आणि गुलाम एकापाठोपाठ लिहिलेले आढळतात.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे आहे, असे समजून आपल्याला पान उलटता येईल का? ज्या १६१० साली क्लेव्हर सेव्हिलहून निघाले, त्याच सुमारास पिरार द लावाल हा फ्रेंच प्रवासी गोव्यात होता. त्याने आणि त्याच्या आधी आलेल्या लिन्सखोटेन ह्या डच प्रवाशाने गोव्याच्या मुख्य रस्त्यावर स्त्री-पुरुषांची घोड्यांप्रमाणे चाललेली विक्री लिहून ठेवली आहे. राजा तोच, कायदा तोच. मोझांबिककडून आणलेले आफ्रिकन, तसेच बंगालचे आणि अतिपूर्वेकडचेही लोक त्या बाजारात विकले जात. श्रीमंत पोर्तुगीजांच्या पालख्या ते वाहत, छत्र्या धरीत. मठांतही ते होते. वसईच्या किल्ल्यात राहणारे पोर्तुगीज सरदार ह्याला अपवाद नव्हते. ज्या भिंतींचे फोटो आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो, त्यांच्या आत ही माणसेही राहत होती. पोर्तुगालने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने संपवली ती १८६९ साली, आणि पूर्ण मोकळीक मिळायला १८७८ साल उजाडले.

गोव्यातून पळालेल्या गुलामांनी घाट ओलांडून आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील रानांचा आश्रय घेतला. हल्याळ, यल्लापूर ह्या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजात त्यांचे वंशज आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळ जण कॅथलिक आहेत, घरात कोकणी बोलतात, आपल्यासारखीच रोझरी म्हणतात. कर्नाटकातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. कार्ताहेनापासून सुमारे ५० किलोमीटरवर सान बासिलियो दे पालेंके हे गाव आहे, पळालेल्या गुलामांच्या वंशजांचे. तिथे स्पॅनिश आणि काँगोकडच्या शब्दांची मिळून बनलेली स्वतंत्र भाषा बोलली जाते आणि चौकात बेन्कोस बियोहोचा पुतळा उभा आहे. हल्याळच्या सिद्दींची आणि ह्या गावाची कहाणी एकाच राजाच्या छत्राखाली घडलेली आहे. गोमंतकात सावळ्या मुलाला चिडवताना खाप्री हा शब्द आजही ऐकू येतो. तो पोर्तुगीजांच्या गुलामबाजारातून आलेला आहे. आमच्याकडच्या लग्नाच्या बोलणीत मुलीच्या रंगाची चौकशी कोणत्या कुजबुजत्या आवाजात होते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

कबुलीची सुरुवात ख्रिस्तसभेने केली आहे. संत पोप दुसरे जॉन पॉल १९८६ च्या जुलैमध्ये क्लेव्हर ह्यांच्या समाधीपाशी प्रार्थना करून गेले आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये सेनेगालच्या गोरे बेटावरील गुलामांच्या वखारीत उभे राहून त्यांनी ख्रिस्ती लोकांच्या ह्या पापासाठी देवाकडे क्षमा मागितली. १० सप्टेंबर २०१७ रोजी पोप फ्रान्सिस कार्ताहेनास त्याच देवळात होते. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठात, १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी विकलेल्या २७२ माणसांच्या वंशजांपुढे येशूसंघाने जाहीर माफी मागितली. ती माफी शक्य झाली, कारण विकलेल्यांची नावे यादीत होती आणि कोणीतरी ती यादी उघडून वाचली.

कार्ताहेनातील नावेही कागदावर आहेत. ९ सप्टेंबरची मिस्सा अर्पण करणाऱ्या आमच्या धर्मगुरू बंधूंना आमची सूचना आहे, की त्या दिवशी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत संत पीटर क्लेव्हर ह्यांच्याबरोबर आंद्रेस साकाबुचे, इग्नासियो अंगोला, फ्रान्सिस्को योलोफो, होसे मोन्सोलो, दिएगो आणि दोमिंगो फोलुपो, कालेपिनो आणि मानुएल ही नावेही घ्यावीत.